पाच मिनिटांच्या कामासाठी गाडी रात्रभर का ठेवली : आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आपला अभिप्राय मी दोनदा वाचला, आपल्या गाडीवर काम केलेल्या दोघांनाही वाचायला दिला आणि वहीतल्या नोंदी समोर ठेवूनच हे उत्तर लिहीत आहे. आपली तक्रार थोडक्यात अशी, की आपण घरी स्वतः इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि चारही स्पार्क प्लग बदललेत. त्यानंतर इंजिनातून टकटक असा आवाज येऊ लागला. गाडी आमच्याकडे आणल्यावर आम्ही ती रात्रभर ठेवून घेतली, शेवटी फक्त एक प्लग आवळला, आपण नुकताच बसवलेला ऑइल फिल्टर विनाकारण बदलला आणि तपासणीचे शुल्क दोनदा लावले. शिवाय आमच्या एका सहकाऱ्याने ‘जमत नाही तर घरी हात कशाला लावायचा’ असे आपल्याला ऐकवले.

ते वाक्य बोलले गेले होते, हे त्या सहकाऱ्यानेच माझ्याकडे कबूल केले आहे, आणि त्याबद्दल मी आपली क्षमा मागतो. ते अनुचित तर होतेच, पण आपल्या बाबतीत चुकीचेही होते. आपण काढलेले जुने चार प्लग कागदात वेगवेगळे गुंडाळून, प्रत्येकावर सिलिंडरचा आकडा लिहून आणले होते, आणि एवढी शिस्त, खरे सांगायचे तर, आमच्याकडेही रोज पाळली जात नाही. त्या प्लगांचा आम्हाला उपयोगही झाला. चारही प्लगांच्या टोकांचा रंग सारखाच फिकट तपकिरी होता. ऑइल जळत असल्याची काळी, ओलसर खूण एकावरही नव्हती. म्हणजे काम करण्याआधी इंजिन निरोगी होते आणि दोष शोधायचा तो नंतरच्या कामात, एवढे पहिल्या दहा मिनिटांतच कळले.

आता आवाजाविषयी. आपण अभिप्रायात एकाच आवाजाचा उल्लेख केला आहे, परंतु गाडी देताना आपणच दोन गोष्टी सांगितल्या होत्या आणि त्या तशाच लिहून घेतलेल्या आहेत. एक, चढावर किंवा जोर पडल्यावर वाढणारी टकटक. आणि दुसरी, सकाळी किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंद येणारा आणि मग आपोआप थांबणारा खडखडाट. या दोहोंची कारणे वेगळी निघाली. इंजिन वंगणाशिवाय चालत असेल तर बाकी कशाचीही तपासणी करण्यात अर्थ नसतो, म्हणून आम्ही आधी ऑइल पाहिले. पातळी डिपस्टिकवरच्या दोन खुणांच्या मध्ये होती, ऑइलचा दर्जा गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलाच होता आणि कुठे गळतीही नव्हती. आपले हे काम चोख होते.

टकटकीबद्दल फोनवरून आवाज ऐकून कोणीतरी आपल्याला ‘टॅपेट गेले’, म्हणजे झडपा उघडणारे भाग खराब झाले, असे सांगितले होते, आणि आम्ही तसे न म्हणता वेळ घेतला याचा आपल्याला राग आला, असे दिसते. हा अंदाज अगदीच अडाणीपणाचा नव्हता. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक झडप दोन फेऱ्यांत एकदा उघडते आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये ठिणगीही दोन फेऱ्यांत एकदाच पडते. इंजिन जागेवर मिनिटाला नऊशे फेऱ्यांनी चालू असेल, तर टॅपेटची टकटक आणि सैल प्लगच्या कडेने निसटणाऱ्या वायूची टकटक, दोन्ही सेकंदाला सात-आठच पडतात. ठोक्यांची लय सारखी असल्याने नुसत्या कानाने त्या वेगळ्या ओळखणे अवघड, आणि फोनच्या मायक्रोफोनवरून तर जवळजवळ अशक्यच.

म्हणून आम्ही एकेका इंजेक्टरचे (सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या भागाचे) कनेक्टर काढून पाहिले. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या वेळी आवाजात फरक पडला नाही. तिसऱ्याचे इंधन बंद करताच टकटक मंदावून नुसती फुसफुस उरली. टॅपेटचा आवाज त्या सिलिंडरमध्ये इंधन जळते की नाही यावर फारसा अवलंबून नसतो, आणि जोर पडल्यावरही तो वाढत नाही, तो फेऱ्यांबरोबर वाढतो. इंधन बंद केल्यावर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोकाही मंदावतो, हे खरे; पण तो खालून, जड आणि घुमणारा येतो. हा आवाज वरून आणि कोरडा होता. रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे तिसऱ्या कॉइलच्या (प्लगवर बसून त्याला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाच्या) कडेला धरल्यावर वायूचे फटके स्पष्ट ऐकू आले. हे त्याच संध्याकाळी कळले होते, आणि ते त्याच संध्याकाळी आपल्याला फोन करून सांगायला हवे होते. ते राहिले, ही आमची चूक.

प्लग मात्र आम्ही मुद्दामच त्या वेळी काढला नाही. हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतात) अॅल्युमिनियमचे असते. तापलेल्या हेडमधून प्लग काढताना आटे ओरबाडले जाण्याचा धोका असतो, आणि हेडमधले आटे खराब झाले तर ते काम फार वाढते. शिवाय सकाळचा खडखडाट ऐकायचा तर इंजिन रात्रभर बंद राहणे भागच होते. गाडी थांबवून घेण्याची एवढीच दोन कारणे होती.

सकाळी प्लगची विहीर (प्लग ज्यात बसतो तो खोल खळगा) हवेने साफ करून प्लग काढला, तेव्हा त्याचा वॉशर एका बाजूने अजून गोल होता, पूर्ण दबलेलाच नव्हता, आणि त्याच बाजूला धातूवर काजळीचा पट्टा उमटला होता. खालच्या आट्यांत बारीक खर, म्हणजे रेतीसारखी कचकच, अडकलेली होती. आपण टॉर्क पाना वापरला होता, असे आपण लिहिले आहे, आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. अडचण अशी, की पाना मोजतो तो फिरवायला लागणारा जोर. प्लग बैठकीवर दाबून बसला की नाही, हे त्याला कळत नाही. आट्यांत खर असली की तिच्या घर्षणानेच जोर वाढतो आणि वॉशर दबण्याआधीच पाना ‘टक्’ करून काम झाल्याचे सांगतो. असा प्लग नुसता आवळून आपल्याला गाडी दिली असती, तर खर तिथेच राहिली असती. म्हणून ग्रीस लावलेल्या टॅपने (आटे पाडण्याच्या हत्याराने) आटे साफ केले आणि नवा प्लग बसवला. सैल प्लग तापत जातो, आणि तसाच चालवत राहिल्यास आटे तोडून बाहेर उडूही शकतो.

आता फिल्टर. आपल्या गाडीत तो आडवा बसतो, त्यामुळे इंजिन बंद असताना आतले ऑइल धरून ठेवण्याचे काम त्यातल्या रबरी झडपेचे असते. सकाळी खडखडाट ऐकल्यावर इंजिन लगेच बंद केले आणि ऑइल खाली उतरू दिले. दुसऱ्यांदा पुरती वाट पाहून फिल्टर सोडवला, तेव्हा हातावर जेमतेम चमचाभर ऑइल आले. झडप धड असती तर मनगटापर्यंत ओघळले असते. ऑइल निथळून जात असल्याने सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद दाब तयार होत नव्हता आणि वरचे भाग कोरडे वाजत होते. फिल्टर नवा होता हे खरेच, पण तो सदोष होता, आणि यात आपल्या हाताचा काही दोष नाही. दुसरा फिल्टर बसवून पुन्हा एक रात्र गाडी उभी ठेवा असे आम्ही म्हणालो, ते आपल्याला वेळकाढूपणा वाटला. तेव्हा आपण गाडी घरी नेलीत. सकाळी आता आवाज येतो का, हे आपण अभिप्रायात लिहिलेले नाही. कृपया कळवावे.

शुल्काबाबत माझे म्हणणे असे आहे. पहिल्या दिवशीच्या तपासणीचे शुल्क मी परत करणार नाही, कारण प्लग आवळायला पाच मिनिटे लागतात हे जितके खरे, तितकेच तिसराच प्लग आवळायचा आहे हे ठरवायला लागलेले दोन तासही खरे आहेत. दुसऱ्या सकाळच्या तपासणीचे वेगळे शुल्क लागेल, हे मात्र आपल्याला आधी सांगितले गेले नव्हते. ते आपल्याला परत मिळेल; आपल्या सोयीने या, किंवा ज्या मार्गाने पैसे दिले होते त्याच मार्गाने परत पाठवण्यास सांगा. काढलेला फिल्टर आणि प्लग आम्ही आपल्या नावाची चिठ्ठी लावून ठेवले आहेत. येताना फिल्टरची पावती सोबत आणलीत, तर विक्रेत्याकडे बदलून मागण्यासाठी दोषाची लेखी नोंद आम्ही देऊ.