रुंदी नेमकी कुठली? : सेव्हनच्या तक्त्यावरील आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा टेप घेऊन बसलो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सेव्हन या उघड्या, दोन सीटच्या छोट्या स्पोर्ट्सकारच्या (आधी लोटसची, पुढे कॅटरहॅमची) मापांचा माझा तक्ता दिशाभूल करतो, कॅटरहॅम 170 बद्दलचा माझा निष्कर्ष साफ चुकीचा आहे, कॅटरहॅमच्या एस 3 (नेहमीची) आणि एसव्ही (रुंद) या दोन चॅसिसमधला, म्हणजे पाइपांच्या सांगाड्यांमधला, 110 मिमीचा फरक मी उगाच फुगवून सांगितला आहे, आणि मूळ लोटस सेव्हनचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतर) कॅटरहॅमपेक्षा 10 मिमीने जास्त आहे हे मी लपवलं आहे.

170 पासून सुरू करतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. मी लिहिलं होतं की एस 3 ची रुंदी 1575 मिमी, 170 ची 1470, म्हणजे 105 मिमी कमी, तेव्हा रुंद खांद्यांच्या माणसाने 170 च्या नादी लागू नये. तुम्ही दोन्हींत बसून पाहिलंत आणि फरक जाणवला नाही म्हणता. जाणवणार कसा? 170 ची चॅसिस एस 3 चीच आहे. अरुंद झालाय तो ॲक्सल, आणि त्याच्याबरोबर आत सरकलेत चाकं आणि मडगार्ड. जपानच्या केई, म्हणजे छोट्या गाड्यांच्या, वर्गात बसायचं तर गाडी 1480 मिमीपेक्षा रुंद चालत नाही आणि इंजिन 660 सीसीच्या आत लागतं. म्हणून सुझुकीचं छोटं टर्बो इंजिन आणि तिचाच अरुंद मागचा ॲक्सल. तुमचं कोपर जिथे टेकतं तो पाइप जागचा हललेला नाही.

चूक आकड्यात नव्हती, रकान्याच्या नावात होती. मी नुसतं ‘रुंदी’ लिहिलं आणि त्याखाली मडगार्ड ते मडगार्ड मोजलेला आकडा टाकला. सेव्हनसारख्या गाडीत हे जास्तच फसवं, कारण इथे चाकं बॉडीच्या बाहेर उघडी असतात. बंद बॉडीच्या गाडीत बाहेरची रुंदी वाढली की आतली जागाही बहुधा थोडीफार वाढते. इथे त्या दोघींचा एकमेकींशी काही करार नाही.

लोकॉस्टवाल्यांकडे, म्हणजे सेव्हनसारखी गाडी घरी स्वस्तात बांधणाऱ्यांकडे, याच्या नेमकं उलट उदाहरण सापडतं. रॉन चॅम्पियन यांनी 1996 मध्ये घरी वेल्डिंग करून बांधता येईल अशी जी चॅसिस आपल्या पुस्तकात मांडली, तिला बांधणारे लोक अजून ‘पुस्तकी चॅसिस’ म्हणतात. तिच्यात न मावणाऱ्यांसाठी पुढे ‘442’ नावाचा आराखडा फिरू लागला : रुंदी 4 इंच जास्त, लांबी 4, उंची 2. आता 170 मध्ये चॅसिस तीच आणि ॲक्सल आत आला. 442 मध्ये चॅसिस बाहेर आली, आणि बांधणाऱ्याने जुन्या फोर्ड एस्कॉर्टचाच ॲक्सल ठेवला तर चाकं होती तिथेच राहतात. टायर आणि बॉडीचा पत्रा यांच्यातली जागा तेवढी घटते, म्हणजे प्रत्येक बाजूला 2 इंच. बाहेरून मोजाल तर मडगार्ड ते मडगार्ड आकडा जवळपास तोच. माझ्या जुन्या तक्त्यात ही गाडी पुस्तकी चॅसिसची जुळी बहीण दिसली असती!

पण 110 मिमीबद्दल मी मागे हटणार नाही. तुम्ही 1575 वर 110 म्हणजे जेमतेम 7 टक्के असं गणित मांडलंत आणि ‘एवढ्यासाठी कोण भांडतं’ असं विचारलंत. मी भांडतो. एसव्ही चॅसिस 2000 साली आली तीच मुळी एस 3 मध्ये न मावणाऱ्यांसाठी. हे 110 मिमी मडगार्डांत गेलेले नाहीत, चॅसिस स्वतः रुंद झाली आहे. मग भागायचं ते पूर्ण गाडीच्या रुंदीने नव्हे, बसायच्या जागेच्या रुंदीने. आणि त्या जागेतूनही मधला गिअरबॉक्सचा बोगदा वजा करा. बोगदा तेवढाच ठेवला तर प्रत्येकाच्या वाट्याला 55 मिमी येतात. अरुंद सीटमध्ये मांडी पाइपला घासत असेल तर 55 मिमी म्हणजे काय ते त्या मांडीला विचारा. पेडलपाशीही तेच : जाड तळाचे बूट घालून ब्रेक दाबताना शेजारचा ॲक्सिलरेटर दाबला जाणं हा काही टक्केवारीचा प्रश्न नाही.

लांबीचंही तसंच. व्हीलबेस एस 3 च्या 2225 वरून एसव्हीत 2305, म्हणजे 80 मिमी, साडेतीन टक्क्यांच्या आसपास. पण ही वाढ पायांच्या जागेसाठी आहे, म्हणजे ती गाडीच्या सगळ्यात उघड्या भागात पडते. पुढे इंजिनभोवती तिरप्या पाइपांची जाळी असते, मागे ॲक्सलभोवती असते, पण माणसं बसतात तिथे वरून तिरपा पाइप टाकता येत नाही. पीळ बसतो तो तिथेच. इतर काही न बदलता एखादा भाग लांब केला की तो त्याच प्रमाणात जास्त पिळतो, म्हणून मी त्या 80 मिमीकडे व्हीलबेसची टक्केवारी म्हणून पाहत नाही. तुम्ही म्हणता तसे दोन्ही गाड्यांचे बरेच यांत्रिक भाग सारखे आहेत, मान्य. पण पुढची काच, टप आणि बॉडीचे पत्रे एकीचे दुसरीला लागत नाहीत, आणि सेकंडहँड सुटे भाग घेणाऱ्याचे पैसे नेमके तिथेच जातात.

आता ते 10 मिमी. लोटस सेव्हनचा व्हीलबेस 88 इंच छापला जातो, म्हणजे 2235 मिमी. कॅटरहॅमचा 2225. त्यावरून 1973 मध्ये लोटसकडून सेव्हनचे हक्क घेतल्यावर कॅटरहॅमने चॅसिस कापून आखूड केली, असा निष्कर्ष तुम्ही काढलात. व्हीलबेस हे चॅसिसचं माप नाही हो, दोन चाकांच्या केंद्रांमधलं अंतर आहे. मागचा ॲक्सल धरणाऱ्या दांड्यांची लांबी किंवा पुढच्या विशबोनची (चाक धरणाऱ्या त्रिकोणी दांड्याची) जागा बदलली की एकही पाइप न कापता ते बदलतं. पुढे कॅस्टर, म्हणजे चाक वळण्याच्या अक्षाचा कल, बदलला तरी एखाद-दोन मिलीमीटर इकडेतिकडे होतात. रेनो 4 मध्ये तर डाव्या आणि उजव्या बाजूचा व्हीलबेसच वेगळा होता, जवळपास 5 सेंटीमीटरने, कारण मागचे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आडवे, एकापुढे एक बसवलेले होते. तिची चॅसिस वाकडी होती असं कोणी म्हणत नाही. शिवाय इंचात गोल केलेला आकडा आणि मिलीमीटरमध्ये दिलेला आकडा शेजारी ठेवून 10 मिमीवर इमारत बांधू नये. अर्ध्या इंचाचेच 12.7 मिमी होतात.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझ्या पहिल्या चॅसिसला आराखड्यातलं माप पाइपच्या बाहेरून बाहेर होतं आणि मी ते मध्य ते मध्य धरलं. 25 मिमीचा चौकोनी पाइप, म्हणून चौकट बरोब्बर 25 मिमी रुंद झाली. गंमत म्हणजे कर्ण दोन्ही सारखे भरत होते, त्यामुळे मी खुशीत टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारून पक्कं वेल्डिंगही करून टाकलं. कर्ण सारखे असले की चौकट काटकोनात आहे एवढंच कळतं. ती हव्या त्या मापाची आहे हे कळत नाही. तयार आणलेला मागचा पत्रा ठेवला तेव्हा कळलं.

तक्ता आज बदलला आहे. ‘रुंदी’ हा रकाना काढून टाकला. त्याजागी मडगार्ड ते मडगार्ड, पुढचा आणि मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर), आणि सीटपाशी दोन्ही बाजूंच्या वरच्या पाइपांमधलं आतलं अंतर असे चार रकाने आहेत. 170 बद्दलचं वाक्य खोडून ठेवलंय, पुसलेलं नाही, म्हणजे तुमच्या प्रतिक्रियेचा संदर्भ लागेल. चौथ्या रकान्यात मी फक्त स्वतः टेप लावलेल्या गाड्यांचेच आकडे भरतोय, त्यामुळे तो बराच रिकामा दिसेल. तुम्हाला त्या दोन गाड्या पुन्हा मिळणार असतील तर वरच्या पाइपच्या आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत मोजा, सीटच्या पाठीपासून अंदाजे वीतभर पुढे. अस्तर लावलेलं असेल तर तेही लिहा.