नौका नसलेली मतपत्रिका

17 नोव्हेंबर 2025ला दुपारी ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायाधिकरणानं बांगलादेशच्या माजी पंतप्रधान शेख हसीनांना 2024च्या विद्यार्थी आंदोलनातल्या हत्यांबद्दल फाशी सुनावली, आणि संध्याकाळी पिंपळगावच्या आमच्या कट्ट्यावर चहा यायच्या आधीच वादाला तोंड फुटलं. आमच्याकडं बांगलादेशाची बातमी पेपरात येण्याआधी कांद्याच्या खळ्यावर कळते. 5 ऑगस्ट 2024ला हसीना ढाका सोडून गाझियाबादजवळच्या हिंडन तळावर उतरल्या, त्या दिवशी आमच्या शेठच्या कांद्याच्या दोन गाड्या सीमेवर अडकल्या होत्या. वर पाऊस, ताडपत्रीखाली ऊब धरलेल्या गोण्या. ड्रायव्हर फोनवर सांगत होता, "शेठ, खालच्या थराला पाणी सुटलंय, वास यायला लागलाय."

त्यामुळं शेठचं मत पक्कं. "बाई होती तोवर माल पोचत होता, पैसे येत होते. पद्मेवर पूल बांधला, ढाक्यात मेट्रो आणली. आणि ती गेल्याबरोबर हिंदूंच्या घरांवर, देवळांवर हल्ले झाले. हीच का तुमची लोकशाही?"

हल्ले झाले, हे कुणीच नाकारलं नाही. पण 2021च्या दुर्गापूजेत कोमिल्लापासून मंडप जाळत सुटले, तेव्हा राज्य हसीनांचंच होतं, हे मी सांगितलं. तिथल्या हिंदूंची ढाल म्हणून एका बाईची खुर्ची पुरत नाही.

मास्तर इतके वेळ गप्प होते. आयुष्यभर इतिहास शिकवलेला माणूस. म्हणाले, "शेठ, तुमचा तिकडचा व्यापारी किती वर्षांचा?"

"असेल तिशी-बत्तिशीचा."

"मग त्यानं खरं मत दिलेलंच नाही. हिशेब करा. डिसेंबर 2008ची निवडणूक बरी झाली. त्यानंतर 2014ला 300पैकी 153 जागी मतदानच नाही, बिनविरोध. 2018ला आदल्या रात्रीच पेट्या भरल्याचे आरोप. 2024च्या जानेवारीत मुख्य विरोधी पक्षाचा बहिष्कार. 2008ला ज्याला अठरा पुरी नव्हती, तो तेहतीस वर्षांचा झाला तरी सरकार बदलायचं मत त्याच्या हातात आलं नाही. मग पोरं रस्त्यावर येणार नाहीत तर काय करतील?"

माझ्या मते सगळ्या गोष्टीची गाठ इथंच आहे. बांगलादेशात निवडणुकीपुरतं पक्षांबाहेरचं काळजीवाहू सरकार नेमायची पद्धत होती. ती 1996ला आली, आणि ती यावी म्हणून हरताळ, बंद करून देश थांबवला होता तो हसीनांच्याच अवामी लीगनं. 2011ला घटनादुरुस्ती करून तीच पद्धत हसीनांनी काढून टाकली. वडील आणि जवळजवळ सगळं घर 15 ऑगस्ट 1975ला गमावलेली, सहा वर्षं दिल्लीत आसऱ्याला राहून 1981ला परत गेलेली, लष्करशहाशी झुंजलेली ही बाई. तिला मताची किंमत माहीत नव्हती असं कसं म्हणू? म्हणूनच मला तिचा राग जास्त येतो. 2024च्या जुलैत सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाविरुद्ध विद्यार्थी उठले. रंगपूरला अबू सईद दोन्ही हात पसरून पोलिसांसमोर उभा राहिला आणि गोळ्यांनी पडला. त्या काही आठवड्यांत मेलेल्यांचा आकडा 1,400पर्यंत असू शकतो, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं म्हटलंय.

"म्हणजे फाशी बरोबर?" शेठ उसळले.

"नाही," वकील म्हणाला. "आरोपी गैरहजर, तिनं निवडलेला वकील नाही, तिला घालवून आलेलं हंगामी सरकार. असा खटला मला पटत नाही. पण 1971च्या युद्धातल्या अत्याचारांसाठी हे न्यायाधिकरण 2010ला नेमलं कुणी? हसीनांनीच. 2013ला त्याचा पहिला निकालही गैरहजर आरोपीला फाशीचा होता. ढाक्यात शाहबागला लाखो लोक फाशी मागायला बसले, जमात-ए-इस्लामीचा नेता कादर मुल्लाच्या जन्मठेपेवर सरकारला अपील करता यावं म्हणून कायदा बदलला आणि त्याला फासावर दिलं. तेव्हा याच कट्ट्यावर आपण वाहवा केली होती."

ते खरं आहे. मीही केली होती.

मग मास्तर मुख्य मुद्द्यावर आले. 2026च्या फेब्रुवारीत तिकडं निवडणूक व्हायची होती आणि मतपत्रिकेवर नौका, म्हणजे अवामी लीगचं चिन्ह, नसणार होतं. पक्षाच्या कामावर तेव्हा बंदी होती, नोंदणी स्थगित होती. "अहो, नौकेवर शिक्का मारणारी माणसं काय देश सोडून गेली? गुन्हेगार नेत्यांना पकडा, पण खेड्यातल्या मतदाराचं चिन्ह काढून घेऊ नका. हसीनांनी समोरच्याला खेळूच दिलं नाही, हे हंगामी सरकारवालेही तेच करताहेत." मी मास्तरांच्या बाजूनं आहे, पूर्णपणे.

"ते राहू द्या," शेठ म्हणाले. "बाईला परत पाठवायचं का, ते सांगा. आसऱ्याला आलेल्या माणसाला?"

वकिलानं ग्लास खाली ठेवला. "भारत-बांगलादेशात आरोपी एकमेकांच्या हवाली करायचा 2013चा करार आहे. राजकीय गुन्ह्यासाठी नकार देता येतो, पण खून त्यात बसत नाही. आरोप प्रामाणिक हेतूनं केलेला नसेल तर नकार देता येतो, तो मुद्दा आपल्याला आहे. पण अबू सालेम आठवतो? मुंबईच्या बॉम्बस्फोटातला. 2005ला पोर्तुगालनं आपल्या हवाली केला, तो फाशी देणार नाही, 25 वर्षांच्या वर डांबणार नाही, अशी हमी आपल्याकडून घेऊन. तशी हमी आपण ढाक्याकडं मागावी. फाशी नाही, खटला नव्यानं, तिच्या पसंतीचा वकील."

"आणि दिली हमी तर?"

वकील बराच वेळ बोलला नाही. टपरीवाला रिकामे ग्लास उचलून घेऊन गेला.

"तर पाठवावं लागेल, शेठ."


शेठ उठले, चपला घातल्या, आणि चहाचे पैसे न विचारता सगळ्यांचे देऊन खळ्याकडं निघाले.