गेटच्या आत-बाहेर

देवनागरीत सोसायटीचं गेट आणि इंग्रजीतलं गेट हे क्रियापद एकसारखंच लिहितात. फरक एवढाच की सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो. इंग्रजी गेटमधून कुठलाही अर्थ रजिस्टरवर सही न करता आत शिरतो.

शाळेत आपण पाठ केलेलं असतं, गेट म्हणजे मिळणे. ते धरून बसलं की 'आय डोंट गेट यू' हे वाक्य विरहगीत होतं: तू मला मिळत नाहीस! बिचाऱ्याला तुमचं बोलणं कळत नसतं, इतकंच. 'गेट द डोअर' म्हटल्यावर दार उचलून आणायचं नसतं, बेल वाजलीय तर उघडायचं असतं.

माझ्या मते गेटकडे बघूच नये, त्याच्या पाठोपाठ कोण येतंय ते बघावं. नाम आलं तर बहुतेक वेळा मिळणे किंवा आणणे. विशेषण आलं तर होणे: गेट वेट, ओलं होणे, गेट ओल्ड, म्हातारं होणे. ठिकाण आलं तर पोचणे. इथेही खोच आहेच. 'गेट टू द ऑफिस' चालतं, पण घरी जाताना तो 'टू' बाहेर ठेवायचा, नुसतं 'गेट होम'. लग्नात तर आपली मराठी हमखास आडवी येते. आपण अमक्याशी लग्न करतो, म्हणून 'गेट मॅरीड विथ' लिहितो. तिथे 'टू' लागतो.

खरी गंमत केसांची आहे. 'मी काल केस कापले' म्हटल्यावर मराठी माणूस समजतो की कात्री न्हाव्याच्या हातात होती. तसंच 'आम्ही घर बांधलं', यात आम्ही विटेला हात लावलेला नसतो. हे वाक्य 'आय कट माय हेअर' असं जसंच्या तसं इंग्रजीत नेलं, की समोरचा तुमच्या डोक्याकडे काळजीने बघतो. तिथे 'आय गॉट माय हेअर कट' हवं. केस मधे, कट शेवटी. 'गॉट कट माय हेअर' म्हणालात तर गोरा माणूस क्षणभर अडखळेल.

उतरण्याचंही शास्त्र आहे. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, म्हणजे बस, रेल्वे, विमान, त्यातून 'गेट ऑफ'. जिथे फक्त बसता येतं, ती कार किंवा रिक्षा, तिथून 'गेट आउट'. सायकल आणि घोडा यांच्यावर आपण वरती बसतो, म्हणून पुन्हा 'ऑफ'. आता रिक्षातून पाहुण्याला आदराने 'गेट आउट' कसं म्हणायचं, हे ज्याचं त्याने बघावं. आपण सगळीकडे 'गेट डाउन' म्हणून वाद मिटवला, ते एका अर्थी बरंच झालं.

वैतागून समानार्थी शब्दांच्या कोशात शिरलात तर आणखी फसाल. ऑब्टेन, रिसीव्ह, अ‍ॅक्वायर ही मंडळी कोट घालून बसलेली. रिसीव्ह म्हणजे आपोआप हाती येणं, ऑब्टेन म्हणजे खटपट करून मिळवणं. परवाना ऑब्टेन करता येतो, सर्दी नाही. सर्दीला गेट चालतं.

त्यात अमेरिकन लोकांनी 'गॉटन' जपून ठेवलंय. त्यांच्याकडे 'हॅव गॉट अ कार' म्हणजे गाडी आहे, 'हॅव गॉटन अ कार' म्हणजे गाडी घेतली. ब्रिटिश दोन्हीकडे 'गॉट'वर भागवतात. फर्गेटमध्येही हेच गेट दडलंय. मूळ अर्थ, हातचं निसटणे. इतकं सगळं पाठ करणाऱ्याला तो अर्थ फार लवकर पटतो.

तरी इंग्रजाची कीव करायची गरज नाही. त्याने मराठी शिकायला घेतली, की त्याच्यापुढे 'लागणे' ठेवावं. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आणि काकू नात्याने कोणाच्या तरी कोण लागतात. एवढं पचलं, की हे वाक्य भाषांतराला द्यावं: स्वारगेटला महाबळेश्वरची गाडी लागली आणि पसरणी घाटात काकूंना गाडी लागली.

स्वारगेटमधलं गेट त्याने सोडवलं नाही तरी चालेल.