मनगटावरचं बटण ही चैन नव्हे

बर्फातल्या खेळांची आवड असणाऱ्यांमध्ये एक दावा बराच फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: गाणी बदलायला मनगटावर वेगळा वायरलेस रिमोट बांधणं ही निव्वळ हौस आहे. टचस्क्रीनवर चालणारे हातमोजे मिळतात, इअरबडला बोट लावलं की गाणं थांबतं, मग आणखी एक वस्तू कशाला? शिवाय थंडीत रिमोटचा सेल मरतो, जाड जॅकेटमधून सिग्नल पोचत नाही, आणि उतारावरून येताना लक्ष त्या बटणांतच अडकतं. थोडक्यात, हे अलीकडचं खूळ आहे.

यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे. हे मी तळमळीनं लिहितो आहे, कारण असा दावा वाचून लोक गाणी ऐकायची सोडत नाहीत. ते चालत्या चेअरलिफ्टवर, म्हणजे तारेला टांगून डोंगरावर नेणाऱ्या खुर्चीवर, हातमोजा दातात धरून खिशातला फोन शोधत बसतात.

आधी हातमोजे. फोनची स्क्रीन दाब ओळखत नाही. बोट जवळ आलं की तिथल्या विद्युतधारितेत जो बदल होतो, तो ओळखते. म्हणून टचस्क्रीनच्या मोज्यांच्या टोकांना वीजवाहक धागा विणलेला असतो. पातळ मोज्यात हे छान चालतं. स्कीइंगचा मोजा मात्र वेगळा: बाहेर पाणी अडवणारा थर, मध्ये ऊब धरणारा भराव, आत अस्तर. बोटाचं टोक स्क्रीनपासून इतकं लांब आणि इतकं जाड होतं की स्पर्श एकतर लागतच नाही, नाहीतर शेजारच्या चिन्हावर लागतो. त्यात स्क्रीनवर वितळलेल्या बर्फाचे थेंब असले की तेही स्पर्शासारखेच नोंदले जातात. आणि कडक थंडीत बरेच जण मिटन घालतात. तिथे चार बोटं एकाच कप्प्यात असतात, म्हणजे निवडायला वेगळं बोटच नाही.

मग मोजा काढावा लागतो, आणि खरी अडचण इथे सुरू होते. हवेचं तापमान उणे १० अंश सेल्सिअस आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला जाणवणारी थंडी उणे २० च्या आसपास जाते. वारा पडलेला असला तरी उतरणाऱ्याचा स्वतःचा वेग तेवढा वारा तयार करतो. बोटं बधिर झाली की जॅकेटची चेन लावणं, बूटाचा खटका आवळणं, काठीचा पट्टा धरणं ही साधी कामंही जड जातात. ज्यांची बोटं थंडीत पटकन पांढरी पडतात, त्यांना तर ती पुन्हा ऊब धरेपर्यंत बराच वेळ थांबावं लागतं. चेअरलिफ्टवरून निसटलेला मोजा खाली दिसतो, पण हाती लागत नाही, आणि उरलेला दिवस एका उघड्या हातानं काढावा लागतो. मनगटावर उठावदार, एकमेकांपासून सुटी, दाबल्यावर ठक् असं जाणवणारी तीन-चार बटणं असली तर मिटनच्या मुठीनंही काम होतं. बघायचीसुद्धा गरज नसते.

इअरबडचा उपाय तर हेल्मेटपाशीच थांबतो. हेल्मेटच्या कानपट्टीखाली दडलेल्या इअरबडपर्यंत बोट नेणार कुठून? कानपट्टी उचलायची तर गॉगलचा पट्टा सरकतो, थंड हवा आणि बर्फाचा भुगा आत शिरतो. स्मार्टवॉचचीही तीच गत: ते मोज्याच्या लांब मनगटीखाली आणि जॅकेटच्या बाहीखाली असतं. रिमोटचा पट्टा बाहीच्या वरून बांधता येतो, सगळा फरक तिथे आहे.

आता सेलबद्दल. थंडीत बॅटऱ्या ढिल्या पडतात हे खरंच आहे, पण सगळ्या सारख्या पडत नाहीत. फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीतलं द्रावण थंडीत दाट होतं, अंतर्गत रोध वाढतो, आणि टक्केवारी दिसत असतानाही फोन अचानक बंद पडतो. ॲपल आयफोनच्या वापरासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हे तापमान सांगते; उतारावर आपण बहुतेक वेळ त्याच्या खालीच असतो. लहान रिमोटमध्ये सहसा सीआर २०३२ हा बटण सेल असतो, २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा. तो रिचार्ज होणारा नसतो, त्याची रसायनं वेगळी असतात, आणि नामांकित उत्पादकांचे असे सेल उणे २० अंशांच्या खालीही चालतील असे बनवलेले असतात. थंडीत त्याचाही व्होल्टेज खाली येतो, त्यामुळे अर्धा वापरलेला सेल घेऊन सकाळी निघू नये, हे मी मान्य करतो. पण रिमोट बटण दाबल्यावर क्षणभर जागा होतो आणि पुन्हा झोपतो. त्याची भूक ती किती! उलट रिमोट असला की फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत राहतो, आणि त्याची स्क्रीन गाण्यागणिक उजळावी लागत नाही. बॅटरीची काळजी असणाऱ्यानं तर रिमोट आधी घ्यावा.

सिग्नल पोचत नाही, हा समज बहुधा टीव्हीच्या रिमोटवरून आला असावा. तो इन्फ्रारेड असतो, त्याला समोरासमोर वाट लागते, आणि तो जॅकेटमधून खरंच जाणार नाही. मनगटावरचे आजचे रिमोट ब्लूटूथवर, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतात. कापड, भराव, पिसं यांची त्यांना फारशी अडचण नसते. अडवतं ते आपलं शरीर, कारण त्यात पाणी भरपूर असतं. म्हणून रिमोट डाव्या मनगटावर आणि फोन मागच्या उजव्या खिशात असला तर दाबलेलं बटण कधी कधी वाया जातं. फोन त्याच बाजूला पुढे घेतला की तक्रार मिटते.

खूळ म्हणावं, तर ते पुष्कळ जुनं आहे. आयपॉड २००१ साली आला, आणि २००३ सालीच बर्टन या स्नोबोर्ड कंपनीनं ॲपलसोबत बाहीवर नियंत्रणं असलेलं जॅकेट आणलं. गरज तेव्हाच ओळखली गेली होती. उणीव एवढीच की नियंत्रणं जॅकेटमध्ये वायरीसकट शिवलेली होती. प्लेअर बदलला, जोडणीचं टोक बदललं, की जॅकेटची ती सोय संपली. २०१० च्या ब्लूटूथ ४.० मध्ये कमी ऊर्जेवर चालणारी पद्धत आली आणि बटण सेलवर महिनोन्‌महिने चालणारे छोटे रिमोट शक्य झाले. ते कोणत्याही जॅकेटवर बांधता येतात.

लक्ष विचलित होण्याचा मुद्दा मात्र गंभीर आहे, त्याला गंभीरपणेच उत्तर द्यायला हवं. ताशी ३६ किलोमीटर वेगानं माणूस सेकंदाला १० मीटर जातो. खाली बघून गाणं निवडण्यात तीन सेकंद गेले तर ३० मीटर आंधळेपणानं पार होतात. हे फोनलाही लागू आहे, रिमोटलाही. म्हणून घसरताना गाणी निवडू नयेतच. पण घसरताना एकच काम तातडीचं असतं, ते म्हणजे आवाज बंद करणं. मागून कुणी ओरडलं, गस्तीवाल्यानं शिट्टी मारली, लहान मुलांचा घोळका समोर आला, तर न बघता एका दाबात कान मोकळे व्हायला हवेत. फोनवाल्यानं त्यासाठी थांबायचं कुठे? एफआयएस या आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या १० आचारनियमांतला सहावा नियम सांगतो की अरुंद किंवा नीट न दिसणाऱ्या जागी अगदी गरज असल्याशिवाय थांबू नये. त्यामुळे फोनवाला थांबत नाही, आणि गाणं चालूच राहतं. माझ्यासाठी रिमोटचं मोल या एका बटणात आहे. आवाज मुळातच कमी ठेवावा, शक्यतो एकाच कानात, हे तर आहेच.

या दाव्यात एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, आणि ती रिमोटच्या विरोधात जाणारी असूनही मी सांगतो. आखलेला उतार सोडून हिमस्खलनाचा धोका असलेल्या भागात जाणारे अंगावर ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा शोधबीकन बांधतात: बर्फाखाली गाडलं गेल्यास सापडावं म्हणून तो रेडिओ संकेत सोडतो, आणि दुसरं कुणी गाडलं गेलं तर त्याचा शोधही यानंच घेतात. त्याच्याजवळची इलेक्ट्रॉनिक साधनं त्याच्या कामात अडथळा आणतात. बीकन प्रक्षेपण करत असताना अशी साधनं किमान २० सेंटिमीटर, आणि शोध चालू असताना किमान ५० सेंटिमीटर दूर ठेवावीत, हा सर्वमान्य संकेत आहे. शोध घेताना बीकन हातात धरतात, म्हणजे मनगटावरचा रिमोट त्याच्या अगदी शेजारी येतो. चुंबकानं बंद होणारा पट्टा तर आणखी वाईट. फोन पुढच्या खिशात घ्या हा माझा वरचा सल्लाही इथे लागू नाही, कारण बीकन छातीशीच असतो. तिथे जाण्याआधी गाणी बंद करावीत, रिमोट मनगटावरून सोडून बंद करावा आणि पाठीवरच्या पिशवीत टाकावा.