६० रुपयांच्या वायरीबद्दल: दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. एक स्टार आणि खाली चार वाक्यं: ‘६० रुपयांच्या वायरीचे १५०० घेतले. २ तास सांगून अख्खा दिवस घालवला. चार्जर लावला की कुईकुई आवाज येतो. परत जाणार नाही.’

तुमचा दिवस मोडला आणि घरी गेल्यावर वर आवाजाचा त्रास झाला, याबद्दल माफी मागतो. २ तासांत होईल हे मीच बोललो होतो आणि ते चुकलंच. जुन्या गाडीच्या स्टिरिओला फोन जोडून द्यायचं काम असलं की डॅशबोर्ड उघडायच्या आधी वेळ सांगू नये, हे मला या वयात तरी कळायला हवं होतं.

एवढ्यावर थांबणार होतो. मुलगा म्हणाला, बाबा, ‘सॉरी, पुन्हा भेट द्या’ एवढंच लिहा, सगळे तेच लिहितात. पण ते ६० रुपयांच्या वायरीचं वाक्य परवा रात्री मंडळींनी वाचून दाखवलं तेव्हापासून घशात अडकलंय. हल्ली गिऱ्हाईक आधी फोनमधले स्टार बघतं आणि मग गाडी वळवायची की नाही ते ठरवतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

पहिली गोष्ट, मी १५०० घेतलेले नाहीत. सकाळीच सांगितलं होतं की १२०० ते १५०० च्या दरम्यान जाईल, सेट उघडल्यावर नक्की आकडा सांगतो. तुम्ही ‘हरकत नाही’ म्हणालात. संध्याकाळी बिल १४५० झालं. तुम्ही १४०० दिलेत आणि ‘राहू दे की’ म्हणालात. मी राहू दिले. पन्नास रुपयांचा हिशेब चारचौघांत काढणं मलाही बरं वाटत नाही, पण आकडा तुम्हीच चारचौघांत लिहिलाय.

आता वायर. बाजारात ६० रुपयांना मिळते ती दोन्ही टोकांना पिन असलेली ऑक्स केबल, फोनचा आवाज स्टिरिओत नेणारी. सर, ती मी लावलेलीच नाही. ती तुमच्याकडे आधीपासून होती, तुमच्या मुलीने आणलेली, पाकिटासकट सीटवर पडली होती. अडचण ही होती की ती खुपसायची कुठे. २००८ सालची गाडी, कंपनी फिटेड स्टिरिओ, त्यात रेडिओ आणि सीडी. ऑक्सचं भोक नाही, यूएसबी नाही, ब्लूटूथ तर नाहीच. मी जे केलं ते त्या सेटला एक नवीन भोक पाडून देणं. वरून दिसतं ते भोक फक्त साडेतीन मिलिमीटरचं, म्हणून काम पण तेवढंच वाटतं.

सगळ्यात सोपा मार्ग मी तुम्हाला आधी सांगितला होता: जुना सेट काढा, नवीन ब्लूटूथवाला बसवा. फ्रेम आणि कपलर (वायरी जोडायचा प्लग) धरून तासाभराचं काम, आणि खरं सांगतो, माझा फायदा त्यातच जास्त. तुम्ही म्हणालात, गाडी वडिलांची आहे, डॅशबोर्ड होता तसाच दिसला पाहिजे. मला ते पटलं. त्यानंतर मी दुसऱ्यांदा नवीन सेटचं नाव काढलं का? लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा एफएम ट्रान्समीटर तुम्ही वापरून बघितला होता. सांगलीतून बाहेर पडलं की खरखर, आणि कोल्हापूरकडे जाताना मध्येच दुसरं स्टेशन घुसतं, हे तुम्हीच सांगितलं. ते तसं होणारच, कारण तो ट्रान्समीटर म्हणजे एक चिमुकलं रेडिओ स्टेशनच असतं. ज्या फ्रिक्वेन्सीवर तो लावलाय तिथे खरं स्टेशन आलं की मोठा धाकट्याला दाबतो.

मग तुम्ही फोनवरचा व्हिडिओ दाखवलात. त्यातला माणूस आठ मिनिटांत काम करून मोकळा. तो व्हिडिओ मी तुमच्यासमोर पूर्ण बघितला की नाही? त्याच्या सेटच्या मागे सीडी चेंजरचं सॉकेट होतं. पूर्वी डिकीत सहा सीडींचा डबा बसवायचे, त्याची वायर ज्यात जाते ते. असं सॉकेट असलं तर त्यात ऑक्सचं कनेक्शन घेता येतं, आणि तेही सेटला ‘चेंजर जोडलाय’ असं फसवावं लागतं, नाहीतर तो सोर्स उघडतच नाही. तुमच्या सेटला ते सॉकेटच नाही. मागची बाजू मी बॅटरी मारून तुम्हाला दाखवली होती.

म्हणून सेट उघडावा लागला. त्याचा सर्किट डायग्राम कुठे मिळत नाही. आयसीवरचा, म्हणजे आतल्या चिपवरचा, नंबर भिंगातून वाचून, तिची माहिती काढून, ट्यूनरमधून (रेडिओ पकडणाऱ्या भागातून) निघालेले डावा-उजवा आवाज व्हॉल्यूमच्या आयसीत कुठे शिरतात ते शोधायचं. माझ्या वडिलांची एक युक्ती आहे, स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवायचं आणि स्पीकर घुमतो का बघायचं. तशीच जागा सापडली. मग बोर्डावरच्या केसासारख्या दोन पट्ट्या कापल्या. तिथून पाच वायरी बाहेर आणल्या: दोन जाणाऱ्या, दोन येणाऱ्या, एक अर्थिंगची. शिल्डेड वायर, कारण साधी घातली तर ती गाडीतला सगळा कचरा आवाज गोळा करते. आयसीकडचा डीसी करंट तुमच्या फोनात जाऊ नये म्हणून तो अडवणारे दोन कपॅसिटर. आणि जॅक स्विचवाला, म्हणजे पिन घातली की रेडिओचा आवाज तुटतो आणि फोनचा लागतो, पिन काढली की रेडिओ आपोआप परत. हे सगळं सामान धरून २१० रुपये झाले. बाकी राहिली ती मजुरी. डॅशबोर्डच्या दोन क्लिपा उन्हाने वाळून हातातच तुटल्या, त्या नवीन लावल्या, त्याचे पैसे बिलात नाहीत.

दोन वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळणारे आहेत, मी नाव घेत नाही. त्यांचं काम खरंच तासात होतं. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, त्यानंतर कित्येक महिने मी पाण्यातून निघालेल्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये डोकं घालून बसलो होतो. जिथे जिथे पिळून टेप मारली होती तिथे आधी हिरवं पडलं होतं. कथलाचा नीट डाग आणि वर स्लीव्ह असलेले जॉइंट बऱ्यापैकी टिकले होते. तेव्हापासून आमच्याकडे पिळून जोडणं बंद. ५७ फुटांत माझ्या जुन्या दुकानातलं काय काय गेलं ते सांगत बसत नाही, वडिलांचं मीटर तेवढं माळ्यावर होतं म्हणून वाचलं. वडील वाल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे जुने, रेडिओ दुरुस्त करायचे. सांगली आकाशवाणी लागत नाही म्हणून लोक खेड्यातून एसटीत मांडीवर रेडिओ घेऊन यायचे, आणि संध्याकाळच्या गाडीने वाजवत परत जायचे. ‘६० रुपयांची वायर’ असं त्यांना कुणी म्हणालं नाही.

असो. वेळेचं.

सेट बाहेर काढला की त्याची लाईट तुटते, आणि अशा सेटला परत लाईट मिळाली की तो चोरीचा समजून कोड मागतो. मी सकाळी विचारलं होतं, ‘कोडचं कार्ड आहे का?’ तुम्ही ‘असेल’ म्हणालात. दुपारी अडीचला काम झालं होतं, सर. अडीचला. तेव्हा कार्ड सापडेना. मी म्हटलं, घरी फोन करून बघा, अंदाजाने आकडे टाकू नका. मी शेजारी फ्यूज आणायला गेलो तेवढ्यात तुम्ही गाडीचा नंबर टाकून बघितला, मग वडिलांचं जन्मसाल, आणि सेट लॉक झाला. तो तसाच चालू ठेवून वाट बघण्याशिवाय काही करता येत नव्हतं. पुढे साडेपाचला ते कार्ड ग्लोव्ह बॉक्समधल्या सर्व्हिस बुकच्या मागच्या खिशात निघालं. तीन तास त्यात गेले. मी त्यावर एक अक्षर बोललो नाही, दोनदा चहा मागवला. (चहाचं लिहायला नको होतं. लिहिलं तर राहू दे.)

हा अख्खा दिवस माझ्या एकट्याच्या खात्यावर टाकलात, म्हणून हे लिहिलं. सकाळचा दीड-दोन तासांचा उशीर माझाच, मध्ये एक रिक्षावाला हॉर्न बंद म्हणून आला आणि मी तुमचं काम बाजूला ठेवून त्याचं केलं. त्याचं पोट त्यावर आहे म्हणून केलं, पण तुम्हाला विचारायला हवं होतं.

कुईकुई आवाजाची तक्रार मात्र खरी आहे, तिथे मी वाद घालत नाही. मी चार्जर न लावता तपासलं. फोन चार्जरला आणि ऑक्सला एकाच वेळी जोडला की अर्थिंगला दोन वाटा होतात, एक लायटर सॉकेटमधून आणि एक स्टिरिओमधून, आणि अल्टरनेटरची (इंजिनावर वीज तयार करणाऱ्या यंत्राची) गुणगुण त्यातून स्पीकरमध्ये येते. एक्सलेटर दाबला की सूर चढतो ना? मग तेच. चार्जरची वायर उपटून बघा, लगेच थांबेल. कायमचा उपाय म्हणजे ऑक्सच्या वायरीत मध्ये एक छोटा आयसोलेटर. त्यात दोन बारके ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो पण अर्थिंग जोडलं जात नाही. दुकानात तो २५० ला आहे. तुम्हाला मी पैसे न घेता लावून देतो.

अजून एक, फोनवर तुम्ही माझ्या मुलाला ‘मध्येच बंद पडतं’ असंही म्हणाला होतात. रेडिओ एफएमवर ठेवूनच पिन घाला. सीडीवर ठेवला तर ऑक्स वाजणार नाही, कारण जोड ट्यूनरच्या वाटेत आहे. हे बिलाच्या मागे लिहून दिलंय, माझं अक्षर वाईट आहे हे मान्य. आणि तुमच्या नव्या फोनला गोल भोक नाही, तुम्ही टाइप-सीचा कन्व्हर्टर लावता. काही फोनना आत चिप असलेलाच कन्व्हर्टर लागतो, साधा लावला तर आवाजच येत नाही. त्यामुळे कधी एका फोनवर वाजेल आणि दुसऱ्यावर नाही, त्यात सेटचा दोष नाही.

संध्याकाळी सातला तुम्ही पहिलं नाट्यगीत लावलंत तेव्हा मी बाहेर उभा होतो. काच वर करून तुम्ही गाणं पूर्ण होईपर्यंत ऐकलंत, मग खाली करून म्हणालात, ‘एकदम वडील असल्यासारखं वाटलं.’ मी घरी जाऊन मंडळींना हे सांगितलंसुद्धा. म्हणूनच नऊ वाजता तो एक स्टार दिसला तेव्हा आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचा असेल.

यापुढे जुन्या सेटच्या कामाला आधी वेळ सांगणार नाही, बिलावर सामान आणि मजुरी वेगळी लिहू, चार्जर लावूनच तपासू, आणि बाकीही काही सुधारणा चालू आहेत.

स्टार बदला असं मी म्हणणार नाही. फक्त १५०० चे १४०० केलेत तर बरं होईल. सोमवार सोडून कधीही या, सकाळी दहाच्या आत आलात तर दुसरं काम हातात घेणार नाही. आयसोलेटरने आवाज गेला नाही तर अर्थिंगची जागा बदलायला सेट पुन्हा काढावा लागेल, तेव्हा येताना ते कोडचं कार्ड खिशात घालून आणा.