आधी रील, मग पोळ्या

केटरिंग सुरू करताय? मग सगळ्यात आधी नाव ठरवा. 'अमुक आचारी, चाकूर' असलं साधं काही नको. नावात 'रॉयल' पाहिजे, शेवटी 'अँड इव्हेंट्स' पाहिजे आणि लोगोत ती उंच पांढरी टोपी पाहिजे. तुमचा खरा आचारी बनियनवर, कमरेला पंचा गुंडाळून भट्टीपुढं उभा असतो, हे लोगोला सांगायची काही गरज नाही.

मग पेज काढा. मराठवाड्यात आठ जिल्हे आहेत. आठांची नावं प्रत्येक पोस्टखाली हॅशटॅग लावून टाका. तुमचा टेम्पो औशाच्या पुढे कधी गेलेला नसला तरी जालन्याच्या माणसाला तुमची सेवा मिळते असं वाटलं पाहिजे. जाता जाता पुणेही टाका. पुण्याशिवाय पोस्ट सुनी वाटते.

फोटो स्वतः काढत बसू नका. नेटवर लाखांनी पडलेत. फक्त कोपऱ्यात दुसऱ्या कुणाचं नाव असेल तर तेवढं कापा. आमच्या भागातल्या एका 'शुद्ध शाकाहारी' केटररच्या स्टेटसला मागे अख्खी तंदुरी कोंबडी झळकली होती, खाली 'आमची खासियत'. लोकांनी त्यालाही हात जोडलेले पाठवले.

सणावारी शुभेच्छा विसरू नका. पाडवा, पोळा, १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, आमदारांचा वाढदिवस. तुमचा फोटो तिरंग्यापेक्षा थोडा मोठा ठेवा.

आता मुख्य गोष्ट. ताटाचा भाव कधीही, कुठेही लिहायचा नाही. कुणी पोस्टखाली 'रेट काय?' विचारलं की 'इनबॉक्समध्ये या सर'. तो इनबॉक्समध्ये आला की 'नंबर द्या सर'. नंबर दिला की 'तिथी कोणती सर? माणूस किती?' तो बिचारा लिहितो, पाचशे. मग 'कळवतो सर'. आणि मग कळवायचं नाही. आठवड्याने त्याला गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात पाठवा. व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ पासून फुकट मिळतं. त्यात कॅटलॉग आहे, एकेका थाळीचा फोटो, त्यात काय काय आहे आणि भाव, सगळं घालून ठेवता येतं. त्याच्या नादी लागू नका. त्या ॲपचा खरा उपयोग एकच, आपोआप जाणारा निरोप: 'आम्ही लवकरच आपल्याशी संपर्क साधू.'

फोन उचलू नका, पण ऑनलाइन दिसत राहा.

पैसे भरून रील पुढं ढकलायची सोय असते. त्यात गाव निवडता येतं, वय निवडता येतं, किती किलोमीटरच्या आतली माणसं पाहिजेत तेही. कशाला हात लावू नका. थेट 'भारत' निवडा. इंदूरच्या कॉलेजातल्या पोराने तुमच्या पनीरला बदाम दिला की समजा, निलंग्याची ऑर्डर आलीच.

मेनूत गावाचं काही येऊ देऊ नका. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. डाळ, चिंच, कोथिंबीर. म्हणजे सरकारनं आमटीच मंजूर करून दिली म्हणायची. पण तुमच्या रीलमध्ये आमटी कशी चालेल? तिचा रंग पडत नाही. तिथं मेक्सिकन काउंटर पाहिजे, पास्ता पाहिजे, धूर सोडणारं पान पाहिजे. येसराची आमटी मागणाऱ्या म्हाताऱ्यांना सांगा, 'काका, ते आता कुणी खात नाही.' ते काका लग्नातून घरी जाऊन भाकरी खातात, पण ते काही तुमच्या पेजला फॉलो करत नाहीत.

आणि रील. २०२० मध्ये आपल्याकडे टिकटॉक बंद झालं, त्याच वर्षी जुलैत इन्स्टाग्रामवर रील्स आले. तेव्हा पंधरा सेकंदांत आटपायचं. जानेवारी २०२५ पासून तीन मिनिटांचं चालतं. तीन मिनिटं भरायची म्हणजे मसाला लागतो, आणि तो मसाला पाहुण्यांच्या जिवावर मिळतो. तो कसा मिळवायचा ते मी परवा पुतणीच्या लग्नात डोळ्यांनी पाहिलं.

लातूरजवळचं लॉन्स, वैशाखाचं ऊन. दुपारचा मुहूर्त, तोही आपल्या रिवाजाप्रमाणे नवरदेवाच्या मित्रांनी नाचून तासभर पुढं नेलेला. अक्षता पडल्या आणि माणसं जेवणाकडं वळली, तर टेबलांपुढं दोरी. 'दोन मिनिटं थांबा, शूट चालूय.' भांड्यांची झाकणं काढलेली, भाज्यांवर माशा, आणि दोन पोरं फोन दांडीवर लावून वांग्याच्या भाजीभोवती प्रदक्षिणा घालतायत. जिलेबीवाल्याला एकच जिलेबी पुन्हा पुन्हा सोडायला लावली, कारण त्याचा हात हलायला लागला. उन्हात तीन तास भट्टीपुढं उभं राहिल्यावर कुणाचा हात हलणार नाही? पण जिलेबीवाल्याचा हात रीलमध्ये स्थिर दिसला पाहिजे.

आमचे अण्णा ऐंशी पार केलेले. साखरेचा आजार, गोळी घेतलेली, वेळेवर पोटात काही गेलं नाही की थरथरतात. ते रिकामी थाळी घेऊन दोरीपाशी उभे. तर त्यातला एक पोरगा म्हणतो, 'आजोबा, जरा बाजूला व्हा, फ्रेममधी यायलात.' मग ड्रोन आला. खाली आणला, पार टेबलांच्या डोक्यावर, कारण वरून ताटं छान दिसतात म्हणे. लॉन्सवरचं गवत नावालाच, खाली सगळी माती. ती उठली आणि उघड्या मठ्ठ्यात बसली, सोबत मांडवातल्या अक्षता. मठ्ठा ढवळून तसाच वाढला.

दोरी सुटली तेव्हा जी झुंबड उडली ती सांगायला नको. अर्ध्या माणसांत पोळ्या संपल्या. केटररला शोधलं तर साहेब स्टेजमागं व्हिडिओ कापत बसलेले. 'माल यायलाय सर, पाच मिनिटं.' तो माल कुठून येत होता देव जाणे, आला नाही. दिवसभर पाहुण्यांना जेवा जेवा म्हणणाऱ्या घरच्या बाया शेवटी बसल्या. नवरीच्या आईच्या ताटात पांढरा भात आणि लोणचं. पैसे मात्र ठरलेल्या सगळ्या ताटांचे मोजून घेतले.

रात्री रील आलं. सनई, सोनेरी अक्षरं, 'हजारो तृप्त पाहुण्यांचे आशीर्वाद'. आणि मधोमध, संथ गतीत, थरथरत उभे असलेले आमचे अण्णा. खाली लिहिलं होतं: 'आजोबांच्या चेहऱ्यावरचं हे समाधान, हीच आमची कमाई.'

बरं, पुढचा सल्ला. असं झालं की गिऱ्हाईक पोस्टखाली काहीतरी लिहितंच. इन्स्टाग्रामवर ते पुसा, माणसाला ब्लॉक करा, विषय संपला. गूगलवर जरा अडचण आहे. तिथला शेरा मालकाला स्वतःला पुसता येत नाही, फक्त तक्रार करता येते. त्यावर उपाय म्हणून मेव्हणे, भाचे, मांडववाला, फोटोवाला यांच्याकडून एकाच संध्याकाळी पाच-पाच तारे टाकून घ्या. सगळ्यांनी 'उत्तम चव व विनम्र सेवा' एवढंच लिहावं, म्हणजे शुद्धलेखनाच्या चुकाही सारख्या येतात.

अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर पेजवर टाकू नका, डिझाइन बिघडतं. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे, पण तुम्ही बिल देताच कुठं? डायरीतल्या पानावर बेरीज करता आणि ते पानही परत घेता. तळणीचं तेल किती वेळा वापरायचं याचाही विचार नको. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात वाढणारे खराब, म्हणजे पोलर घटक २५ टक्क्यांवर गेले की ते टाकून द्यायचं असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. पण फिल्टर मारला की काळं तेलही सोनेरी दिसतं, मग टाकायचं कशाला.

जाऊ द्या. आता सरळच बोलतो, कारण हसायची इच्छा उरली नाही.

फोन वापरू नका असं कुणी म्हणत नाही. आमच्या आईच्या वेळचे आचारी तोंडोतोंडी चालायचे, आता माणूस फोनवर शोधतो, तर फोनवर दिसा. पण दिसायचं ते दाखवा ना! ताटाचा भाव लिहा, त्यात काय येतं आणि काय येत नाही ते लिहा. पाचशेचे साडेपाचशे झाले तर काय करणार ते इसार घेतानाच सांगा. तुमची भट्टी दाखवा, भांडी कुठं घासता ते दाखवा, त्या दिवशी रांधणारा आचारी कोण आहे त्याचा चेहरा दाखवा. एका मुहूर्ताला किती कामं घेतलीत ते खरं सांगा. त्या दिवशी तुमची आणखी दोन लग्नं होती हे आम्हाला तुमच्याच स्टेटसवरून कळलं, दुसऱ्या दिवशी. आमच्या पोळ्या कुठं गेल्या ते तिथं दिसलं.

आणि ती वाढणारी पोरं. रात्रभर कांदे चिरून, सकाळी तुमचे जाकीट आणि टोप्या घालून फोटोत उभी राहिली. त्यातला एक मला आमच्याच गाडीत गावापर्यंत सोडायची विनंती करत होता. मजुरी मागितली तर पुढच्या तिथीला देतो म्हणालात म्हणे त्याला. ड्रोनवाल्याला मात्र तिथल्या तिथं रोख. लाज वाटत नाही?

पाहुणा उपाशी ठेवून त्याच्याच तोंडाची जाहिरात करता, आणि वर रोज संध्याकाळी मला फोन. 'सर, तेवढा एक स्टार काढा ना, पुढच्या ऑर्डरला डिस्काउंट देतो.' पुढची ऑर्डर कसली डोंबलाची! गूगलवर मी लिहिलेला तो एका ताऱ्याचा शेरा मी काढणार नाही. अण्णांचा व्हिडिओ आज रात्रीच्या आत उतरवा, न आलेल्या पोळ्यांचे पैसे पुतणीच्या बापाला परत करा, आणि त्या पोराची मजुरी द्या. त्यासाठी इनबॉक्समध्ये यायची गरज नाही, घरी या.