आम्ही काय, कुठेही पडू!

"पोरीनं एकदासुद्धा टॅक्सी केली नाही. चालवून चालवून पाय मोडले आमचे. जेवणाचे तर हालच. बाकी जपान छान."

काल रात्री फॅमिली ग्रुपवर मावशीचा हा मेसेज. ती पोर म्हणजे मी, क्योतोत शिकणारी. मावशी-काका धरून चौघं सात दिवस माझ्याकडे राहून गेली. घरी पोचून तिला बारा तासही झाले नव्हते. खाली इथल्या अराशियामाच्या बांबूच्या बनातला चौघांचा फोटो, जो मीच काढलेला. त्यावर सतरा जणांच्या हसऱ्या स्मायल्या, एका मामाचं "अगं, शिकणारी मुलं कंजूषच असतात", आणि माझ्या सख्ख्या आईचे नुसते जोडलेले हात. लॅबमधून परत येताना सायकल थांबवून मी हे वाचलं आणि थंडीत तिथेच उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं ते रागानं.

कंजूष! विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला फक्त 28 तास काम करता येतं, तासाला मिळतात साधारण अकराशे येन. क्योतोच्या सिटी बसला माणशी 230. आम्ही पाच जण एकदा बसमध्ये चढलो की 1150 येन, म्हणजे कोन्बिनीच्या, इथल्या छोट्या दुकानाच्या, काउंटरवर उभं राहून काढलेला माझा एक अख्खा तास. आणि प्रत्येक वेळी उतरताना काका मागून म्हणणार, "तुझंच कार्ड टेकव गं, आम्हाला ते सुट्टे कळत नाहीत." सात दिवसांत एकदाही कुणी विचारलं नाही, किती झाले? किन्काकुजीचं, त्या सोनेरी देवळाचं, माणशी 500 मी भरलं. बरं, टॅक्सीत चार माणसं मावतात. आम्ही पाच. म्हणजे दोन टॅक्स्या, त्याही नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा लाल पानं बघायला अख्खा देश क्योतोत उतरलेला असतो आणि रस्ते तुंबलेले असतात. चालत आपण लवकर पोचतो, हे मी रोज सांगत होते. रोज!

"तूही चल ना हिरोशिमाला, कंटाळली असशील अभ्यासानं." त्यांच्याकडे रेल्वेचा पास. तो फिरायला आलेल्यांनाच मिळतो, इथे शिकणाऱ्यांना नाही. मला एका बाजूचेच अकरा हजारांच्या घरात पडतात. हे सांगितलं तर मावशी म्हणाली, "सारखं काय पैशांचं घेऊन बसतेस."

आणि जागा? माझी खोली सहा तातामींची, म्हणजे सहा चटयांची, जेमतेम शंभर चौरस फूट. करारात स्पष्ट लिहिलंय, राहणार एकच माणूस. हे मी फोनवर तीनदा सांगितलं, हॉटेलांच्या लिंक पाठवल्या. उत्तर काय? "नोव्हेंबरात हॉटेलं फार महाग आहेत गं. आम्ही काय, कुठेही पडू." या वाक्याची मला चीड आहे. कुठेही पडणारी माणसं कुठेही पडत नाहीत, ती माझ्या गादीवर पडतात आणि मी शेगडी आणि दाराच्या मधल्या पट्टीत, डोक्याशी त्यांचे बूट घेऊन झोपते. जानेवारीअखेर मला थीसिस द्यायचाय. त्या आठवड्यात मी एक पान लिहिलेलं नाही. चार शिफ्ट एका नेपाळी मुलाच्या हातापाया पडून बदलून घेतल्या, त्या आता फेडायच्यात.

शिवाय मावशीनं येताना कुकर आणला होता. सकाळी सहाला वरण-भाताच्या तीन शिट्ट्या! लाकडी इमारत, भिंती पुठ्ठ्यासारख्या. खालच्या आजीबाई घाबरून बाहेर आल्या. मिठाईचा डबा घेऊन माफी मागायला मीच गेले, कंबरेत वाकून. मागे वळले तर मावशी दारातून विचारतेय, "आपण काय चोरी केली का?"

बाहेरच्या जेवणाचं तर बोलायलाच नको. उदोनच्या, म्हणजे जाड नूडल्सच्या, पाण्यात वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, मिसो सूपमध्येही असतो. "मग मासा काढून द्यायला सांग ना!" अर्क कसा काढणार, मावशी? शेवटी नान्झेनजी देवळाजवळ तोफूचं जेवण शोधलं, माझ्या चार दिवसांच्या जेवणाचे पैसे माणशी मोजले, आणि काका म्हणाले, "हे तर नुसतं उकडलेलं पनीर."

पण खरा कहर जाताजाता झाला. इथे जळणारा कचरा महापालिकेच्या पिवळ्या पिशवीतच टाकावा लागतो. ती विकत घ्यायची, 45 लिटरची 45 येनला. डबे-बाटल्या एका पारदर्शक पिशवीत, प्लॅस्टिक दुसऱ्या. ठरलेल्या वारी, सकाळी आठच्या आत. पहिल्याच दिवशी मी सगळं दाखवलं होतं, फ्रिजवर मराठीत लिहून चिकटवलं होतं. तरी निघायच्या आदल्या रात्री मावशीनं आठवड्याचा सगळा कचरा दुकानाच्या पिशवीत कोंबून खाली ठेवून दिला. "तुला मदत म्हणून."

ती पिशवी कुणी उचलली नाही. वर नियम मोडल्याचा स्टिकर. इमारतीत मी एकटीच परदेशी, त्यामुळे शोध घ्यायला कुणाला वेळ लागला नाही. व्यवस्थापन कंपनीचा फोन आला, मग मी ती वर आणून दारातल्या चपलांच्या जागेत वर्तमानपत्रावर उपडी केली. चहाचा ओला चोथा, कांद्याची सालं, अर्धी भरलेली ग्रीन टीची बाटली, तिला चिकटलेला भात, चॉकलेटांचे कागद, पंचवीस-तीस तरी. त्यात माझी थीसिसच्या नोट्सची दोन पानं, त्यावर लोणच्याचं तेल. बाटल्यांची झाकणं काढून, लेबलं नखांनी सोलून वेगळी केली. रात्री दीडपर्यंत हात हिंग-लोणच्यानं वास मारत होते.

आई-बाबांना मी अडीच वर्षं बोलावतेय. आई म्हणते, "तुझं शिक्षण होऊ दे, उगाच तुला त्रास नको." ज्यांना मी आनंदानं गादी दिली असती आणि टॅक्सीतूनही फिरवलं असतं, ते तिकीट काढत नाहीत. आणि तीच आई ग्रुपवर हात जोडते! एकदा तरी लिहायचं होतं, "माझ्या पोरीनं तुमच्यासाठी काय केलं ते आधी सांगा."

आज दुपारी बाबांचा मेसेज. त्यांच्या ऑफिसातल्या मित्राची मुलगी आणि जावई मार्चअखेर साकुराला, चेरीचा बहर बघायला, येतायत. चारच दिवस. "साधी माणसं आहेत गं, कुठेही पडतील."

मी लिहिलं, जागा नाही. त्यानंतर बाबांचा फोन तीनदा वाजला. उचलला नाही. पिवळी पिशवी भरून दारातच ठेवली आहे. उद्या सकाळी आठच्या आत खाली न्यायची आहे.